हुकावरचं गाठोडं

आधीच सांगते — आमच्या घरात भूत, पितर, पिंड, कावळा यांतलं काही नाही. आम्ही बौद्ध. माझे वडील मनमाडला रेल्वेत होते. गल्लीत कुणा बाईच्या अंगात आलं की ते शांतपणे जाऊन विचारायचे, "माझी बदली कधी होईल तेवढं सांगा." मी त्यांची मुलगी. या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना वाचत आले, लोणच्यासारखे. आता स्वतःच लिहायला बसले आहे म्हणून जरा अवघडल्यासारखं होतंय. पण हे ऐकीव नाही. माझ्या दुकानात, भर दुपारी, माझ्या हाताखाली झालेलं आहे. हाताखाली म्हणजे अक्षरशः. पुढे कळेल.

नाशिकला पंचवटी कारंजावरून रामकुंडाकडे उतरायला लागलं की डाव्या हाताला माझं मनी ट्रान्सफरचं दुकान आहे. एका बाजूला पूजा साहित्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला रसवंती. दुकान म्हणजे काय... एक काउंटर, एक कॉम्प्युटर, गिऱ्हाइकाला एक खुर्ची, अंगठ्याचं मशीन आणि पंखा. बांधकामावरचे मजूर घरी पैसे पाठवायला येतात. आणि ज्यांच्याकडे एटीएम कार्ड नाही ते अंगठ्यावर पैसे काढायला येतात. आधार नंबर टाकायचा, अंगठा काचेवर ठेवायचा, मशीनने ओळखलं की खात्यातून पैसे निघतात. सही नको, कार्ड नको. माणूस समोर पाहिजे, बस.

रामकुंड जवळ, त्यामुळे आणखी एक गिऱ्हाईक असतं. अस्थी विसर्जनाला आलेली माणसं. घाटावर गुरुजींना, होडीवाल्याला रोख लागते, ती काढायला माझ्याकडे येतात. हातात लाल नाहीतर पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं. हे गाठोडं घेऊन कुणाच्या दारातून आत जात नाहीत, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. लोक उन्हात पायरीवर उभे राहायचे. एकाने गाठोडं धरायचं, दुसऱ्याने आत यायचं. एकटाच आलेला माणूस तर बिचारा नुसता दारात घुटमळायचा. शेजारचे पूजा साहित्यवाले काका म्हणाले, "मॅडम, बाहेर एक हुक ठोका. गावाकडे झाडाला टांगतात, तसं." मी ठोकला. शटरच्या बाजूला, डोक्याच्या वर, चांगला जाड. गाठोडं बाहेर, माणूस आत. माझ्या दृष्टीने तो छत्रीच्या स्टँडसारखा. सोय.

आता हौसामावशी.

मखमलाबादच्या पुढे त्यांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडी मेथी-कोथिंबीर. कारंजावर फुलांची टोपली घेऊन बसायच्या. साठी उलटलेली, विधवा, तोंडाने फटकळ. पैसे काढायला दर महिन्याला माझ्याकडे, आणि दर महिन्याला आमची तीच कुस्ती — त्यांचा अंगठा मशीनला पटायचा नाही. सुई-दोऱ्याने आणि विळ्याने रेषा झिजून गेलेल्या. मग मी अंगठा ओल्या फडक्याने पुसायचा, कोरडा करायचा, त्यांनी तो केसांच्या भांगात घासायचा — तेलाने ठसा उठतो — आणि मग मी उठून काउंटरवरून वाकायचं, त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून दाबायचं.

"दाब गं, दाब," त्या म्हणायच्या. "नवऱ्यानं एवढा दाबला नाय मला."

त्या अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं होतं. जुना विळा लागलेला. दाबताना ती चीर मला टोचायची. इतक्या वेळा टोचली आहे की अंधारातही मी तो अंगठा ओळखला असता.

त्यांना दोन मुलं. रमेश मळ्यात आईजवळ. सुनीता पिंपळगावला, नवऱ्याने टाकलेली, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला. फेब्रुवारीत, ऐन सीझनला, सुनीताचा उजवा हात तिथल्या मशीनच्या पट्ट्यात सापडला. नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात आणलं. पहिल्या ऑपरेशनचा खर्च ठेकेदाराने केला, मग त्याने फोन उचलणं बंद केलं. मावशी त्या संध्याकाळी टोपली घेऊनच माझ्या दारात आल्या होत्या. "उद्या येते पैसे काढायला. आज बोटं पार काळी हायती फुलांनी, तुझं मशीन घेणार नाय. उद्या धुऊन येते."

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी फोन केला, उचलला नाही. म्हटलं, दवाखान्यात धावपळ असेल.

त्यानंतरच्या दिवशीची गोष्ट. सिंहस्थाच्या कामांसाठी आमचा रस्ता खणून ठेवलेला. पत्रे लावलेले, धूळ इतकी की दर थोड्या वेळाने काउंटर पुसावा लागायचा. खोदकामात केबल तुटलेली, म्हणून माझा कॅमेरा बंद. इंटरनेट मोबाइलवर चालवत होते. हे आधीच सांगते, म्हणजे "कॅमेऱ्यात काय दिसलं?" असं कुणी विचारायला नको. काही दिसलं नाही, कारण काही चालूच नव्हतं.

जेवणाची वेळ टळून गेलेली, गिऱ्हाईक नाही. मी डबा धुऊन आले तेव्हा हुकाला एक गाठोडं टांगलेलं दिसलं. लाल फडकं. माणूस नव्हता. गाडी लावायला जागा नसायची त्या दिवसांत, लोक गाठोडं टांगून गाडी लांब कुठेतरी लावून यायचे. मी लक्ष दिलं नाही. आत येऊन बसले.

"आत येऊ का गं?"

मान वर केली तर दारात हौसामावशी. नेहमीचंच हिरवट लुगडं. टोपली नव्हती. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या.

आता ही बाई इतक्या वर्षांत कधी विचारून आत आलेली नाही. गिऱ्हाईक बसलेलं असलं तर त्याला उठवून बसणारी. मला हसू आलं.

"या की! पत्रिका छापायची का तुमच्यासाठी?"

"म्हटलं तू वरडशील."

"आता या, नाहीतर खरंच ओरडेन. होत्या कुठे? फोन का नाही उचलत?"

त्या आत आल्या, खुर्चीवर बसल्या. दमलेल्या दिसत होत्या. "टोपली अर्धीच राहिली," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, धंदा झाला नसेल.

"सुनीताला पाठवायचेत. दिवसाला निघत्यात तेवढे काढ आन् तिच्या खात्यात टाक. तिचा हात काळा पडाय लागलाय. आज कापकूप नाय केली तर मनगटापासनं जाईल म्हणत्यात."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे राहू दे. पोराला लागतील आता."

मी नंबर टाकला. मशीनचा लाल दिवा लागला. सवयीने ओलं फडकं घेतलं, तर मावशींनी अंगठा आधीच काचेवर ठेवलेला. मी वाकून वरून दाबला. नखाची चीर टोचली. हात गार होता, पण फुलवाल्यांचे हात गारच असतात, दिवसभर पाण्यात. आणि पहिल्याच झटक्यात... घेतला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ना भांगात घासणं, ना दुसऱ्यांदा दाबणं.

"मावशी, आज काय साबण लावला?"

अंगठा उचलला तेव्हा काचेवर राखाडी पूड राहिली होती. मी पुसून टाकली. रस्त्याची धूळ सगळीकडेच होती.

पैसे सुनीताच्या खात्यात टाकले. माझ्या दुकानाचा नियम आहे — पैसे पाठवले की समोरच्याला तिथूनच फोन लावायचा, स्पीकरवर, आणि "आले" म्हणेपर्यंत गिऱ्हाइकाला उठू द्यायचं नाही. नंतरची भांडणं वाचतात. मी सुनीताला माझ्या फोनवरून लावला.

"सुनीता, पैसे आले का बघ. आई इथेच बसल्यात."

"आई?" तिचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला. "आई, ताप उतरला का? दादा म्हनला तुला लय ताप हाय, बोलवत पन नाय."

"उतरला," मावशी म्हणाल्या. "आता काय नाय मला."

"मी सही करत नव्हते आई. भ्या वाटतंय. दोन बोटं जानार म्हनत्यात."

"जाऊ दे. अंगठा हाय ना? अंगठा राहिला की समदं धरता येतं. सही कर. कर बरं."

"तू येशील ना इकडं?"

मावशींनी दाराकडे बघितलं. मग सुनीताच म्हणाली, "आले पैसे. मेसेज आला. ठेवते, काउंटरला भराया देते मैत्रिणीजवळ."

मी फोन ठेवला, पावती काढायला प्रिंटरकडे वळले. कागद अडकला होता, तो ओढून काढला. परत वळले तेव्हा मावशी उंबऱ्याबाहेर पोचलेल्या, मान वर करून हुकाकडे बघत होत्या.

"पावती घ्या की."

"तूच ठेव. जाते. पोरगं शोधत बसंल."

आणि पत्र्यांच्या बाजूने उताराकडे गेल्या. घाईत नव्हत्या.

एवढंच. यात घाबरण्यासारखं काही होतं का? मी तर खूश होते, अंगठा एका झटक्यात घेतला म्हणून.

थोड्याच वेळात रमेश आला. पळत आल्यासारखा, घामाने भिजलेला, डोक्याचे केस काढलेले. माझी नजर डोक्यावर गेली, पण अर्थ लागायच्या आत तो उंबऱ्याबाहेरूनच ओरडला. हातात मावशींचा साधा फोन, मागे दोरा बांधलेला.

"ताई, आईच्या खात्यातून पैसे कोणी काढले? आत्ता मेसेज आलाय."

"कोणी म्हणजे? त्यांनीच काढले. आत्ता तर गेल्या, समोर भेटल्या असतील तुला."

"कोण?"

"अरे तुझी आई!"

त्याने हात वर करून हुकाकडे दाखवलं.

"माझी आई ती तिथं टांगलीय."

मला आठवतं ते एवढंच, की पंख्याचा आवाज खूप मोठा वाटायला लागला.

मग त्याने तुटक तुटक सांगितलं. ज्या सकाळी मावशी माझ्याकडे येणार होत्या, त्याच सकाळी फुलं तोडताना वाफ्यातच पडल्या. माणसं पोचेपर्यंत संपलं होतं. बाजूला टोपली, अर्धी भरलेली. आज अस्थी घेऊन आला, गाडीला जागा मिळेना, आईच्या ओळखीचं दुकान म्हणून गाठोडं हुकाला टांगून गाडी लावायला गेला. सुनीताला सांगितलं नव्हतं. ऑपरेशन होऊ दे, मग सांगू, असं घरात ठरलेलं.

"रमेश, मी त्यांचा अंगठा दाबला. या हाताने."

"मेलेल्या बाईचा?" त्याचा चेहरा बदलला. "ताई, लोक रबराचे ठसे करून ठेवत्यात, पेपरात येतं. तुमच्याकडं दर महिन्याला यायची ती. तुम्ही करून ठेवला आसंल."

हे मात्र मला लागलं. इतकी वर्षं धंदा केला, कुणाचा रुपया इकडचा तिकडे नाही.

"पैसे माझ्या खात्यात गेलेत का? सुनीताच्या गेलेत. तिच्या हातासाठी. फोन बघ हवा तर."

"मी काय तिला मारायला टपलोय का? माझ्याकडं सरणाच्या लाकडाचे पन उसने हायेत! दहावं कशावर घालू? आन् आईचा अंगठा गेला म्हंजे ते पैसे आता अडकले, वारसाचे कागद करत बसा, एवढंच मला ठाऊक. मग हे निघाले कसे? सांगा ना, निघाले कसे?"

त्याचं चुकीचं नव्हतं. मीही हाच प्रश्न विचारला असता. काका दुकानातून बाहेर आले होते. मी त्यांना विचारलं, "काका, आत्ता माझ्याकडे बाई आली होती ना? हिरवं लुगडं?"

"तुम्ही बोलत होत्या ते ऐकलं मॅडम," काका सावकाश म्हणाले. "कुणाशी ते नाही पाहिलं."

रमेश म्हणाला, "मी पोलिसात जातो." तो गेला असता तर माझा धंद्याचा आयडी त्याच दिवशी बंद झाला असता, आणि बरोबरच होतं ते. मेलेल्या माणसाच्या खात्यातून अंगठ्यावर पैसे — कोण ऐकून घेणार माझं? मी म्हटलं, "जा. पण संध्याकाळी जा. आत्ता सुनीताला थिएटरमध्ये जाऊ दे. तिला फोन करून काही बोललास तर ती सही करायची नाही, आणि हात जाईल. मग मला जेलमध्ये घाल."

तेवढ्यात माझाच फोन वाजला. सुनीता. मी सवयीने स्पीकर चालू केला. हात तसाच वळला, काय करणार.

"ताई, पैसे भरले. सही केली डाव्या हातानं. आत नेत्यात आता. आई गेली का?"

रमेश उंबऱ्यापाशी वाकून म्हणाला, "सुने... तू आईशी बोलली?"

"दादा? तू पन तिथंच व्हय? मगाशी बोलले की! आवाज दमल्यावानी येत व्हता तिचा. जरा रस पाज तिला. आन् दे ना एकदा तिच्याजवळ, आत जायच्या आधी."

मला वाटलं आता हा सांगून टाकतो. रमेशने हात वर केला, हुकावरचं गाठोडं काढलं, छातीशी धरलं. आणि म्हणाला,

"आई फुडं घाटावर चाललीय गं. मीच नेतोय तिला. तू जा आत. ती... ती हाय तुज्या संगं."

"बरं," सुनीता म्हणाली, आणि फोन कट झाला.

मग त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "आजून काय म्हनली ती?"

"बाकीचे राहू दे म्हणाल्या. पोराला लागतील आता."

तो पायरीवर बसला. गाठोडं मांडीवर घेऊन, मोठ्याने रडला. रसवंतीवरची माणसं बघत होती. काकांनी पाणी आणून दिलं. मग उठला आणि त्याच उताराने गेला, पत्र्यांच्या बाजूने, घाई न करता.

पोलिसात तो गेला नाही. सुनीताची दोन बोटं गेली, अंगठा आणि बाकीचा हात वाचला. आई गेल्याचं तिला टाके निघाल्यावर सांगितलं. तिने विश्वासच ठेवला नाही. तारीख कळल्यावर तर भावाला खोटा ठरवलं. मग एक दिवस पट्टी बांधलेला हात घेऊन माझ्याकडे आली आणि एवढंच विचारलं, "ताई, ती खुर्चीवर बसली व्हती का उभी व्हती?" बसल्या होत्या म्हटलं. "मग बरं," म्हणाली.

माझ्या पद्धतीने मी सगळं तपासलं. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांना फोन केला, नावं न सांगता विचारलं — जिवंत नसलेल्या माणसाचा अंगठा मशीन घेऊ शकतं का? तिथला पोरगा म्हणाला, "मॅडम, तुमचं मशीन जिवंत लोकांचाच घेत नाही, मेलेल्यांचा कुठला घेतंय?" पुढे रमेश परत आला तेव्हा त्याच्यासमोर मी माझा स्वतःचा अंगठा मावशींच्या नंबरवर ठेवूनही बघितला. पुसून, घासून, दाबून. नाही घेतला. दुसरीच कुणी बाई आली असेल म्हणावं, तर ती नखाची चीर? आवाज? माझं डोकं फिरलं होतं म्हणावं, तर सुनीता कुणाशी बोलली? भाची म्हणते, "आत्या, तू आता तरी मान." काय मानू? मला माहीत नाही, एवढंच मी मानते.

हुक तिथेच आहे. काढायचं मनात आलं होतं, पण लोकांची सोय आहे. रस्ता झाला, कॅमेरा चालू झाला, मशीनही नवीन घेतलं. एकच फरक पडलाय. दारातून कुणी "आत येऊ का?" म्हटलं की मी आधी हुकाकडे बघते. रिकामा असला तर बसल्या जागेवरून "या" म्हणते.

रिकामा नसला तरी "या"च म्हणते. फक्त उठून उभी राहते.